लॅपटॉपच्या जागी टॅब्लेट चालेल काय?



बारावीचा निकाल लागला, की बालाघाट जिल्ह्यातील पुष्कळ घरांत दरवर्षी एक वाद उपस्थित होतो, आणि शेजारच्या गुरुजींपासून बाजारातील मोबाईलच्या दुकानदारापर्यंत सर्वांस त्यात ओढले जाते. मध्य प्रदेश शासनाची एक योजना आहे. ‘प्रतिभाशाली विद्यार्थी प्रोत्साहन योजना’ हे तिचे नाव. २००९-१० साली ती सुरू झाली. मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या बँकखात्यात तीनुसार लॅपटॉप घेण्यासाठी २५,००० रुपये थेट जमा होतात. ४ जुलै २०२५ रोजी अशा ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम भरण्यात आली. एकूण आकडा २३५ कोटी रुपयांवर गेला. पैसे लॅपटॉपसाठी म्हणून येतात खरे; पण खात्यात आलेल्या पैशांवर तसे काही लिहिलेले नसते. थोरला भाऊ म्हणतो, लॅपटॉप आता जुना झाला, तेवढ्याच पैशांत झकास टॅब्लेट येतो. मामा म्हणतात, दोन्ही नकोत, एक चांगला मोबाईल घ्या आणि उरलेले फीसाठी ठेवा. ज्या मुलीने ते गुण मिळविलेले असतात तिला काय हवे, हे बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते.

ह्या वादाला आमच्या भागात आणखी एक फाटा फुटतो. बालाघाटहून गोंदिया सुमारे ४० किलोमीटर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ही दोन्ही गावे नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होती. राज्ये निराळी झाली, तरी पोवारांसारख्या समाजांचा रोटीबेटी व्यवहार त्या सीमेला आजही जुमानत नाही. आता सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, नागपूरची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच महाज्योती, इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतील मुलामुलींना अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करता यावी म्हणून टॅब्लेट देत आली आहे, आणि त्याच्या जोडीला दररोज ६ जीबी इंटरनेटही. म्हणजे एकाच आजीच्या दोन नातींपैकी गोंदियाच्या नातीला टॅब्लेट मिळतो आणि बालाघाटच्या नातीला लॅपटॉपचे पैसे. मग लग्नकार्यात दोन्ही कुटुंबे एकत्र आली, की प्रश्न निघतोच: एका सरकारला जे पुरेसे वाटले ते दुसऱ्याला अपुरे का वाटावे?

माझे उत्तर असे, की दोन्ही सरकारांचे बरोबर आहे, कारण दोघांनी दोन निरनिराळी कामे डोळ्यांपुढे ठेवली आहेत. महाज्योतीच्या विद्यार्थ्याने वर्ष-दोन वर्षे व्याख्याने ऐकावयाची आहेत, प्रश्नसंच सोडवावयाचे आहेत, चार पर्यायांतून एकावर बोट ठेवावयाचे आहे. त्या कामाला टॅब्लेट उत्तम. बारावीनंतर मात्र ऐकण्याचे दिवस कमी होत जातात आणि स्वतः काही लिहून, मांडून, हिशेब करून दाखविण्याचे दिवस सुरू होतात. टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेऊ शकेल काय, ह्या प्रश्नाचा सारा गुंता ह्या एका फरकात आहे.

टॅब्लेट जन्माला आला तोच ह्या फरकासह. २७ जानेवारी २०१० रोजी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे पहिला आयपॅड लोकांपुढे ठेवला, तेव्हा ते मेजाशी बसले नव्हते. एका आरामखुर्चीत रेलून, मांडीवर यंत्र घेऊन बसले होते. वर्तमानपत्र वाचावे, छायाचित्रे पाहावी, चित्रपट लावावा, दोन ओळींचे पत्र धाडावे, अशी ती बैठक होती. मोबाईल आणि लॅपटॉप यांच्या मधली जागा ह्या यंत्राची, असे त्यांनीच त्या दिवशी सांगितले. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी आणखी एक दृष्टान्त दिला. देश शेतीप्रधान होता तेव्हा सर्व मोटारी मालमोटारीच होत्या. शहरे वाढली तशा लहान मोटारी आल्या. संगणकही पुढे मालमोटारींसारखे होतील, त्यांची गरज थोड्यांनाच भासेल. दृष्टान्त मोठा चतुर आहे. पण आमच्या जिल्ह्यात भरवेलीला मँगनीजची खाण आहे, मलाजखंडला तांब्याची आहे, आणि हमरस्त्याने कोणत्याही दिवशी पाहावे तर मालमोटारींची रांग असते. आमची गरज अजून संपलेली नाही, एवढेच मी म्हणेन.

ज्या कल्पनेतून टॅब्लेट निघाला असे सांगतात ती तर ह्याहूनही जुनी आहे. १९७२ साली ॲलन के ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘डायनाबुक’ नावाच्या एका यंत्राचा आराखडा मांडला. वहीएवढा आकार, चार पौंडांहून कमी वजन, आणि वापरणार कोण, तर लहान मुले. तंत्रज्ञान तेव्हा तेथवर पोहोचले नव्हते. यंत्र कागदावरच राहिले. परंतु त्या कागदावरील चित्रात पडद्याच्या खाली कळफलक आहे. मुलाने त्यावर केवळ वाचावे असे के यांना वाटत नव्हते. मुलाने स्वतः लिहावे, चित्रे काढावी, यंत्राला स्वतःच्या सूचना द्याव्या, हा त्यांचा आग्रह होता. चाळीसएक वर्षांनी यंत्र हाती आले ते कळफलक गाळून आले. ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

तथापि टॅब्लेटची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. सर्वसाधारण घरात रोज काय चालते ते पाहावे. आजोबांना वर्तमानपत्र वाचावयाचे असते, आणि मोबाईलच्या पडद्यावर अक्षर बारीक पडते. सूनबाईंना पाककृती पाहावयाची असते, किंवा पुण्याला असलेल्या लेकीशी समोरासमोर बोलावयाचे असते. शेतकऱ्याला हवामानाचा अंदाज हवा असतो, सातबाराचा मध्य प्रदेशी भाऊ जो खसरा त्याची नक्कल पाहावयाची असते. लहान मुलांना पाठ्यपुस्तकाची पाने मोठी करून दाखवावयाची असतात. ह्या सर्व कामांत लॅपटॉप म्हणजे निव्वळ अडचण आहे. तो उघडा, चालू होण्याची वाट पहा, तो कोठेतरी टेकवा, त्याची वायर सांभाळा. टॅब्लेट उचलला की चालू झाला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला दोन बोटांनी अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ही सोय छापील वर्तमानपत्रालाही साधलेली नाही. (वर्तमानपत्राच्या वाचकांनी ह्या वाक्याबद्दल क्षमा करावी.)

विजेचा मुद्दाही टॅब्लेटच्याच बाजूचा. पावसाळ्यात वादळवारे सुटले, की गावोगाव वीज तासन्‌तास जाते. टॅब्लेट चालताना सुमारे ४-५ वॅट वीज खातो. साधा लॅपटॉप १० ते १५, आणि काम जड असेल तर अधिकही. एकदा भरलेला टॅब्लेट दिवसभर पुरतो. स्वस्तातला लॅपटॉप दुपारीच मान टाकतो. शिवाय टॅब्लेटला पंखा नाही, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही आणि उन्हाळ्यात तो घरघरत नाही. तेव्हा घरात कोणी विद्यार्थी नाही, हिशेबाचे काम नाही, लिहिणारे कोणी नाही, अशा घराने लॅपटॉपच्या वाटेस जाऊच नये. त्यांच्या रोजच्या उपयोगापुरती टॅब्लेटने लॅपटॉपची जागा केव्हाच घेतली आहे.

आता बारावी झालेल्या मुलीकडे वळू.

मध्य प्रदेशात लिपिकाच्या किंवा डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या शासकीय नोकरीसाठी सीपीसीटी नावाची संगणक-प्रावीण्य परीक्षा द्यावी लागते. तीत संगणकाच्या ज्ञानाबरोबर इंग्रजी आणि हिंदी टंकलेखन असते, आणि हिंदीसाठी रेमिंग्टन गेल व इनस्क्रिप्ट असे दोन कळफलक उपलब्ध असतात. ही परीक्षा काचेवर बोटे आपटून शिकता येत नाही. टंकलेखन ही बोटांच्या स्मरणाची विद्या आहे. कळ कोठे आहे हे बोटाला न पाहता कळावे लागते, आणि त्यासाठी कळेला कडा असावी लागते, दाबताना ती खाली जावी लागते. टॅब्लेटचा कळफलक म्हणजे कळफलकाचे चित्र. त्यातून तो अर्धा पडदा व्यापून बसतो, आणि आपण काय लिहिले ते उरलेल्या अर्ध्या जागेत डोकावून पाहावे लागते. देवनागरीत तर काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे. ‘ज्योत्स्ना’ हा एक शब्द काचेवर लिहून पहावा, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

ह्या सीमेवरील मुलांना इनस्क्रिप्टचा एक लाभ असा आहे, की त्याची मांडणी वर्णमालेच्या शास्त्रावर बसविलेली आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. घरी मराठी, शाळेत हिंदी, अशी ज्यांची स्थिती, त्यांनी एकदा हिंदीसाठी हात बसविला की मराठीसाठी निराळे काही शिकावे लागत नाही. ‘ळ’ सुद्धा आपल्या जागी हजर असतो. टॅब्लेटवर बोलून लिहिण्याची सोय आहे, आणि ती आता बरीच चांगली झाली आहे, हे मान्य. आजोबांच्या दोन ओळींच्या पत्राला ती पुरते. परंतु वीस पानांचा प्रकल्प-अहवाल बोलून लिहावयाचा, त्यातली विरामचिन्हे शोधत बसावयाचे, तक्त्यांत आकडे भरावयाचे, हे ज्याने करून पाहिले असेल तो पुन्हा करणार नाही.

टंकलेखन बाजूला ठेवले तरी प्रश्न सुटत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. बालाघाट आणि वारासिवनीच्या परिसरात भातगिरण्या पुष्कळ आहेत. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या गिरण्यांचे, आडत्यांचे, किराणा दुकानांचे हिशेब आता चोपड्यांत राहिलेले नाहीत. ते बहुशः टॅली ह्या प्रणालीत ठेवले जातात, आणि टॅली विंडोजच्या संगणकावर बसवावी लागते. टॅब्लेटवर ती तशी बसत नाही. कंपनीचे जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे तर अंकीय स्वाक्षरीची छोटीशी कांडी यंत्राच्या भोकात खुपसावी लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑटोकॅड हवे; टॅब्लेटवर त्याचे दर्शन घडते, पूर्ण काम होत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहून, चालवून, मोडून पुन्हा लिहावा लागतो. ह्या मुलांना टॅब्लेट दिला, तर त्यांना विद्येचा देखावा दाखविल्यासारखे होईल.

येथे एक शंका हमखास निघते: टॅब्लेटला सुटा कळफलक जोडला तर? जोडता येतो, आणि केवळ मजकूर लिहावयाचा असेल तर ती तडजोड वाईट नाही. परंतु बारकाईने पाहा. टॅब्लेट, त्याचे वेष्टण, कळफलक, माऊस, हे सर्व घेतले म्हणजे किंमत लॅपटॉपच्या किमतीला भिडते, वजनही जवळपास तेवढेच होते, आणि मांडीवर ठेवले तर मागे कलंडते. आणि इतके करूनही आत चालणारी प्रणाली टॅब्लेटचीच राहते. खरा फरक कळफलकात नाही, तो ह्या प्रणालीत आहे. लॅपटॉप हा आपल्या मालकाला विचारतो, काय बसवू आणि कोठे ठेवू. टॅब्लेट आपल्या कंपनीला विचारतो. त्याच्यावर सामान्यतः कंपनीच्या दुकानातूनच प्रोग्रॅम घ्यावयाचे, आणि एका प्रोग्रॅमची फाईल दुसऱ्यात नेताना दहा ठिकाणी बोट लावावयाचे. उत्पादकांनाही हे कळले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्येच सरफेस नावाचा, विंडोजवर चालणारा आणि कळफलक जोडता येणारा टॅब्लेट बाजारात आणला. ॲपलने २०२५ च्या शरद ऋतूत आयपॅडला एकावर एक खिडक्या मांडण्याची आणि वर मेनूची पट्टी देण्याची सोय केली. म्हणजे पंधरा वर्षे टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेणार म्हणून सांगितले गेले, आणि त्या पंधरा वर्षांत टॅब्लेटच हळूहळू लॅपटॉप होत चालला आहे.

आता पैशांचे. २५,००० रुपयांत चांगला टॅब्लेट येतो, हे थोरल्या भावाचे म्हणणे खोटे नाही. नवा लॅपटॉप मात्र त्या रकमेत जो येतो तो अगदी प्राथमिक असतो, आणि तो हळू चालला की सारे घर म्हणते, टॅब्लेट घेतला असता तर बरे झाले असते. ह्यावर दोन मार्ग आहेत. थोडी भर घालणे शक्य असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा नवा लॅपटॉप घ्यावा. ह्या दोन गोष्टींपुढे रंग, जाडी आणि जाहिरातीतील नटाचे चित्र गौण समजावे. भर घालणे शक्य नसेल तर मोठ्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढलेले, दुरुस्त करून हमीसह विकले जाणारे लॅपटॉप मिळतात. नागपूरच्या बाजारात पाहावेत. अशा यंत्राबाबत एक सावधगिरी हवी. विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तेव्हा जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते काय, हे विचारल्याखेरीज पैसे देऊ नयेत. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा.

स्वस्त टॅब्लेटचा मोह मात्र आवरावा. ह्या बाबतीत आपल्या देशाला एक अनुभव आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांच्या हस्ते ‘आकाश’ नावाच्या टॅब्लेटचे उद्घाटन झाले. सात इंची पडदा आणि कोणाही विद्यार्थ्याला परवडेल अशी किंमत. हेतू उदात्त होता, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाने हलत नसे, तो दाबावा लागे. यंत्र मंद होते आणि बॅटरी लवकर संपे. पुढच्या वर्षी सुधारलेली आवृत्ती आली, मुंबईच्या आयआयटीने त्यासाठी परिश्रम घेतले, तरीही योजना मागे पडली. आजचे सात-आठ हजारांचे टॅब्लेट आकाशपेक्षा कितीतरी बरे आहेत; पण दोन-तीन वर्षांत त्यांची प्रणाली जुनी होते, नवे प्रोग्रॅम त्यावर बसेनासे होतात, आणि यंत्र मुलांच्या खेळासाठी उरते.

दुरुस्तीचाही विचार करावा. लॅपटॉपचा कळफलक गेला, बॅटरी गेली, रॅम वाढवावयाचा झाला, तर पुष्कळ यंत्रांत तळाचे स्क्रू काढून तो भाग बदलता येतो, आणि हे काम जाणणारे कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. टॅब्लेट आतून गोंदाने चिकटविलेला असतो. त्याची काच फुटली तर नव्या काचेचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने इतका येतो, की माणूस तडा गेलेल्या काचेवर पारदर्शक पट्टी चिकटवून दिवस काढतो.

मामांच्या मोबाईलविषयी थोडे बोलून संपवितो. आज ज्या घरात बारावीची मुलगी आहे त्या घरात एक तरी स्मार्टफोन असतोच. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा त्याच फोनवर भावंडांनी आळीपाळीने धडे पाहिले. म्हणजे पाहण्याचे, ऐकण्याचे यंत्र घरात आहे. टॅब्लेट घेतला तर तेच यंत्र मोठ्या आकारात दुसऱ्यांदा घरी येईल. जे घरात नाही ते लिहिण्याचे, हिशेबाचे, स्वतः काही घडविण्याचे यंत्र. ते ह्या पैशांतून यावे असे मला वाटते. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, नोकरीचे अर्ज भरण्यासाठी दर वेळी बाजारातील कियोस्कच्या रांगेत उभे राहावयाचे आणि आपली कागदपत्रे, आपला पासवर्ड परक्याच्या हाती द्यावयाचा, हा फेराही त्यामुळे वाचेल. गावाहून बालाघाटला येणाऱ्या मुलीच्या दृष्टीने अशी एक खेप म्हणजे बसभाडे आणि बुडालेला एक दिवस असतो.

दुकानात गेल्यावर दुकानदार आधी चित्रपट लावून दाखवील. रंग पाहून सर्व जण खूश होतील. त्याला थांबवावे आणि मुलीला तेथेच बसवून एक पान टंकित करावयास सांगावे. कळा तिच्या हाताला बसतात काय, पडद्याकडे पाहताना मान अवघडते काय, हे तिलाच कळेल. लॅपटॉप घरी आला की तो सर्वांचा होतो, आणि सर्वांत आधी भावाचा होतो, असाच बहुतेक घरांचा रिवाज आहे. म्हणून पावती करताना तीवर मुलीचे नाव घालावे, आणि ती पावती व हमीपत्र तिच्याच कपाटात ठेवावे.